वेखंड : बाळंतघरातील आणि पाणथळ शेतातील

बाळंतिणीच्या खोलीत ओवा व बाळंतशेपा यांची धुरी पेटली की तीत वेखंडाचा तुकडा बहुधा असतोच. न्हाऊ घातल्यावर बाळाच्या टाळूस वेखंडाची पूड लावतात. दृष्ट लागू नये म्हणून मनगटात त्याचा तुकडाही बांधतात. संस्कृतात या वनस्पतीस वचा म्हणतात. तिने वाचा सुधारते, या श्रद्धेने ती उगाळून मधातून मुलास चाटविली जाते.

चाल जुनी असली तरी येथे सावधगिरी हवी. वेखंडाच्या तेलात बीटा-ॲसारोन नावाचे द्रव्य असते व भारतीय वेखंडात ते बरेच असते. उंदरांवरील प्रयोगांत त्याने आतड्यांत अर्बुदे झाल्याचे दिसून आले आणि १९६८ साली अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास मनाई केली. मात्रा जास्त झाल्यास उलट्या होतात. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ते तान्ह्या मुलाच्या पोटात जाऊ देऊ नये. कोंदट खोलीतील धुरीही बाळाच्या छातीस बाधते. मनगटातील तुकडा बाळ चोखते, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

लागवडीस मात्र ही वनस्पती सोयीची. सखल, पाणी साचणारी जमीन तिला मानवते. भाताप्रमाणे चिखलणी करून पावसाच्या आरंभी डोळे असलेले गड्ड्यांचे तुकडे सुमारे ३० सेंटिमीटर अंतराने लावावे. पुढे पाने पिवळी पडून सुकू लागली म्हणजे गड्डे खणून, तंतुमुळे काढून वाळवावे. असे तुकडे लोकरी कपड्यांच्या पेटीत ठेवल्यास कसर लागत नाही.