मुंबईचं गाईड घ्या, पण पारखून!

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली, की घरोघरी मुंबईचे बेत सुरू होतात. कुणाची बहीण डोंबिवलीला, कुणाचा दीर ठाण्याला. मुलांना समुद्र पाहायचा असतो, सासूबाईंना सिद्धिविनायक आणि महालक्ष्मी. तिकिटं निघतात, चिवड्या-लाडवांचे डबे भरले जातात आणि निघताना कुणीतरी स्टेशनावरच्या स्टॉलवरून एक मुंबई-दर्शनाचं पुस्तक उचलतं. वर गेट वे ऑफ इंडियाचं रंगीत चित्र, आत स्थळांची यादी. एका साडीसाठी चार दुकानं पालथी घालणाऱ्या आपण बायका, पण हे पुस्तक मात्र वरचं चित्र पाहून घेतलं जातं! ते वाचतात पुरुषमंडळी. आणि मुंबईत उतरल्यावर आपल्या वाट्याला काय येतं? ‘तुम्ही जरा बॅगांजवळ बसा, आम्ही चौकशी करून येतो!’

खरं तर मुंबईच्या मोठ्या स्टेशनावर सामान ठेवायला क्लोक रूम असते. तिकीट दाखवायचं, बॅगेला कुलूप असलं पाहिजे, एवढंच. पण हे आपल्याला ठाऊक नसतं, कारण पुस्तक आपल्या हातात नसतं; आणि असलंच तर त्यात ही गोष्ट छापलेली नसते. म्हणून भगिनींनो, गाईड आपण स्वतः निवडायला हवं. कसोटी एकच ठेवा : या पुस्तकाच्या भरवशावर मी एकटी, कुणाचं बोट न धरता, सकाळी निघून संध्याकाळी परत येऊ शकेन का?

आधी आपलं गाव पाहा

समजा, तुम्ही माढ्याच्या आहात. (मी उदाहरणं माढ्याची दिली आहेत, तुम्ही आपापल्या गावाची घ्या.) पुस्तक साऱ्या महाराष्ट्राचं असेल तर मुंबईचं पान उघडण्याआधी पंढरपूरचं उघडा. पंढरपूर मुंबई-सोलापूर या मुख्य मार्गावर नाही, कुर्डुवाडीहून फाटा फुटतो, हे त्यात आहे का? की अजून कुर्डुवाडीची ती छोटी गाडीच धावते आहे? बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि तिने पिढ्यान्‌पिढ्या वारकरी वाहिले हे खरं. पण आता तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. जो लेखक आपल्या दारातलं चुकीचं सांगतो, त्याच्या मुंबईवर कसा विश्वास ठेवायचा? शितावरून भाताची परीक्षा, ती ही अशी!

पुस्तक फक्त मुंबईचं असेल तर ‘कसे जाल?’ हे पान काढा. आपल्या बाजूने रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहे, २०२३ च्या फेब्रुवारीपासून सोलापूर-मुंबई वंदे भारतही कुर्डुवाडीला थांबते. यातलं काही नसेल, नुसतं ‘मुंबई सर्व शहरांशी रेल्वेने जोडलेली आहे’ एवढंच असेल, तर ते पुस्तक परत ठेवा.

साल बघा, पण फसू नका

औषधाच्या बाटलीवरची तारीख आपण पाहतो ना? तशी पुस्तकाचीही पाहा. मात्र ‘पुनर्मुद्रण’ आणि ‘सुधारित आवृत्ती’ यांत फरक आहे. पुनर्मुद्रण म्हणजे कालचीच आमटी, फक्त आज गरम केलेली.

खरोखर सुधारलेलं पुस्तक ओळखायच्या काही खुणा सांगते. व्हिक्टोरिया टर्मिनसचं १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ आलं. एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ पासून प्रभादेवी आहे. दादरला पूर्वी मध्य आणि पश्चिम, दोन्ही रेल्वेंचे फलाट एकपासूनच मोजले जात. मग नवखी बाई ‘एक नंबर’ म्हणून भलत्याच टोकाला जाऊन उभी! डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ अशी सलग मोजणी आहे. आणि सगळ्यात मोठी खूण मेट्रोची. जमिनीखालून जाणारी मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडपर्यंत गेली. तिला सीएसएमटी, दादर, सिद्धिविनायक अशी स्थानकं आहेत. ज्या पुस्तकात सिद्धिविनायकाला जायला अजून फक्त दादरहून बस किंवा टॅक्सी सांगितली आहे, ते जुनं समजा.

पण जुनी नावं गाळणारं पुस्तकही कामाचं नाही, बरं का! टॅक्सीवाला अजून ‘व्हीटी’ म्हणतो. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं विचारलंत तर दोघे-तिघे विचारात पडतील, ‘राणीची बाग’ म्हटलं की लगेच हात दाखवतील. चांगलं गाईड दोन्ही नावं देतं.

यादी नको, शेजार हवा

पुष्कळ पुस्तकांत स्थळं एकाखाली एक, वाटेल तशी दिलेली असतात. वाचायला बरं वाटतं, पण मुंबईत त्याने दिवस फुकट जातो. सकाळी गेट वे, दुपारी जुहू आणि संध्याकाळी पुन्हा राणीची बाग असं कुणी केलं, तर त्यांनी मुंबई नव्हे, लोकलचे डबे पाहिले! ज्या पुस्तकात भागवार मांडणी आहे, म्हणजे सीएसएमटीच्या आसपास काय, भायखळ्याला काय, दादर-प्रभादेवीला काय, ते घ्या.

बंद असण्याचे वारही दिलेले हवेत. राणीची बाग बुधवारी बंद, घारापुरीची लेणी सोमवारी बंद. पाहुण्यांच्या घरून मुलांना नटवून-थटवून न्यायचं आणि फाटकाला कुलूप पाहून परत फिरायचं, यात पैसे जातात आणि मुलांचे चेहरे पडतात ते वेगळंच.

आपल्या अडचणी त्यात आहेत का?

आता खास बायकांचं बोलू. गेट वेहून लाँचने घारापुरीला सुमारे तासभर लागतो, हे सगळे लिहितात. पण धक्क्यापासून लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत, हे किती जण लिहितात? गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना घेऊन निघालेल्या सुनेला लेण्यांच्या इतिहासाआधी ही गोष्ट कळायला हवी. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात, हेही.

तसंच स्वच्छतागृहाचं. दिवसभर पाणी न पिता हिंडणं, आणि घरी आल्यावर आजारी पडणं, हे आपण मुकाट्याने सोसतो. कुठे सोय आहे, पिण्याचं पाणी कुठे, घटकाभर टेकायला बाक कुठे, लोकलमध्ये बायकांचा डबा कुठे उभा राहतो, याबद्दल दोन ओळी जरी असल्या तरी समजा, लिहिणाऱ्याने बाईमाणसाचा विचार केला आहे.

हौसेने न जाणाऱ्यांसाठी

सगळेच काही सहलीला जात नाहीत. आपल्या भागातून कितीतरी बायका आजारी माणसाला घेऊन मुंबई गाठतात. १९४१ पासूनचं टाटा मेमोरिअल, के. ई. एम., मुलांचं वाडिया, ही सगळी रुग्णालयं परळला आहेत. हँगिंग गार्डनवर दोन पानं लिहिणाऱ्या पुस्तकात यांच्यावर एक ओळ नसते! अशा वेळी रस्ता चुकला तर नुसती सहल बिघडत नाही, बाह्यरुग्ण विभागाचा वेळ हुकतो आणि आजारी माणसाला आणखी एक रात्र परक्या गावात काढावी लागते.

म्हणून गाईड पारखताना, गरज असो वा नसो, परळचं पान जरूर काढा. दादरला उतरून मध्य रेल्वेची सीएसएमटीकडे जाणारी धीमी लोकल घेतली, की पुढचंच स्टेशन परळ. ‘धीमी’ हा शब्द पुस्तकात आहे का पाहा. त्या एका शब्दावर सगळं असतं. नाहीतर चुकून जलद गाडीत चढलेली बाई पुढे निघून जाते.

फोन आहे की!

‘आता फोनवर सगळं दिसतं, पुस्तक कशाला?’ असं मुलं म्हणतील. त्यांचंही खरं आहे. लोकलच्या वेळा, आज गाडी उशिरा आहे का, तिकीट किती, हे फोनवरच पाहावं. एम-इंडिकेटरसारखं ॲप त्यासाठी फार सोयीचं. छापील पुस्तकातल्या वेळा आणि दर यांवर मुळीच विसंबू नये. पण फोन तुम्ही विचाराल तेवढंच सांगतो. काय विचारावं हे पुस्तक सुचवतं. शिवाय घरात फोन एक आणि तो मुलाच्या हातात, अशी कितीतरी घरं आहेत. दुपारी बॅटरी उतरली म्हणजे? म्हणून बेत पुस्तकावरून ठरवा आणि वेळ फोनवर तपासा.

आणखी दोन गोष्टी

पुस्तक पर्समध्ये मावेल एवढंच असावं आणि अक्षर चष्म्याशिवाय लागावं. नकाशात मध्य, पश्चिम आणि हार्बर, तिन्ही रेल्वेमार्ग वेगवेगळे दिसले पाहिजेत. लांबलचक घडीचा नकाशा गर्दीत उघडता येत नाही. तो आदल्या रात्रीच पाहा आणि दुसऱ्या दिवशीचा बेत एका चिठ्ठीवर उतरवून घ्या : कुठे चढायचं, कुठे उतरायचं, परतीची गाडी कुठून. एक प्रत सासूबाईंकडे, एक मोठ्या मुलाकडे. चुकामूक झालीच तर उपयोगी पडते.

आणि मुंबईचा इतिहास वाचायची हौस असेल, तर त्यासाठी गाईड नको, वाचनालयात जा. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालचं. त्याच साली बोरघाटातला लोहमार्ग खुला झाला आणि आपला घाटमाथा मुंबईशी सलग जोडला गेला. असं पुस्तक जाण्याआधी घरी निवांत वाचावं, खांद्यावर वागवू नये.

मुंबईहून परत आलात की गाईड कपाटात टाकू नका. जे चुकलं असेल ते पेन्सिलीने दुरुस्त करा, पायऱ्या आणि पाण्याची सोय समासात लिहा, तारीख घाला आणि शेजारणीला द्या. तिच्यासाठी त्याहून ताजं गाईड कुठल्याच स्टॉलवर मिळायचं नाही.