६० दिवसांचं होम वर्कआउट चॅलेंज: ‘स्टार्ट’ दाबण्याआधी चार प्रश्न

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांच्या फोनमध्ये ‘६० दिवसांत बॉडी बदला’ टाइपचा एखादा प्रोग्रॅम येऊन पडलाय आणि ‘सोमवारपासून नक्की’ असं ठरलंय. हा प्रोग्रॅम आपल्यासाठी आहे की नाही, ते सोमवारच्या आधी कसं ओळखायचं? आज फक्त तेवढंच बोलूया.

उदाहरण म्हणून ‘इन्सॅनिटी’ घेऊ. शॉन टी या अमेरिकन ट्रेनरचा हा प्रोग्रॅम २००९ मध्ये डीव्हीडीवर आला. डंबेल नको, मशीन नको, फक्त तुमचं शरीर आणि थोडी मोकळी जागा. नेहमीच्या इंटरव्हल ट्रेनिंगमध्ये काय असतं? थोडा वेळ जोर लावायचा आणि मग भरपूर वेळ दम खायचा. इन्सॅनिटीने हेच उलटं केलं. काही मिनिटं सलग पूर्ण ताकदीने उड्या, आणि मध्ये जेमतेम ३० सेकंद विश्रांती. हे आठवड्यातून ६ दिवस. पहिल्या महिन्यात रोज साधारण ४० मिनिटं, मग एक हलका आठवडा, आणि दुसऱ्या महिन्यात जवळपास तासभर. आज रील्सवर दिसणारी बरीच चॅलेंजेस याच पठडीतली आहेत.

प्रश्न पहिला: हा प्रोग्रॅम कोणासाठी बनवलाय?

‘टाबाटा’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती. हे नाव ज्या जपानी संशोधकाचं आहे, त्यांचा १९९६ मधला गाजलेला अभ्यास आधीपासून व्यायाम करणाऱ्या तरुणांवर झाला होता, आणि तोही व्यायामाच्या सायकलवर. म्हणजे गुडघ्यांवर उड्यांचे दणके नव्हतेच! आपण तोच टायमर लावतो, पण सायकलऐवजी टाइल्सवर अनवाणी उड्या मारतो. तीव्र प्रोग्रॅम्सचंही तसंच आहे. तुमचा थोडाफार पाया तयार आहे, हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं. गेले सहा महिने तुमचा व्यायाम म्हणजे बसस्टॉपपर्यंत चालणं एवढाच असेल, तर तुम्ही पहिली इयत्ता सोडून थेट दहावीच्या वर्गात बसताय.

प्रश्न दुसरा: माझं शरीर हो म्हणतंय का?

हृदयविकार, बीपी, डायबेटिस, दमा, गरोदरपण, गुडघ्याची किंवा पाठीची जुनी दुखापत यातलं काही असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. डेंग्यू किंवा चिकनगुनिया नुकताच होऊन गेला असेल, तरीही थांबा. चिकनगुनियानंतर सांधे कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने दुखू शकतात.

आणि हे नीट लक्षात ठेवा. व्यायामानंतर एक-दोन दिवस अंग दुखणं नॉर्मल आहे. पण छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर लगेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचे. स्नायू प्रचंड दुखून सुजले आणि लघवी कोल्ड्रिंकसारखी गडद झाली, तर थेट हॉस्पिटल. अतिश्रमाने स्नायू तुटून त्यातली द्रव्यं रक्तात मिसळतात, आणि त्याने किडनीला इजा होऊ शकते. हे क्वचित होतं, पण जास्त करून सवय नसताना एकदम अति केल्यावरच होतं.

प्रश्न तिसरा: मला एवढं हवंय का?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना सांगते, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम करा, आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करा. आता हिशोब करा. रोज ४० मिनिटं, ६ दिवस, म्हणजे २४० मिनिटं. दुसऱ्या महिन्यात ३६० च्या आसपास. वॉर्मअप आणि स्ट्रेचिंग वजा केलं तरी तब्येतीसाठी लागतं त्यापेक्षा हे बरंच जास्त आहे. मजा येत असेल, स्पर्धेची तयारी असेल, तर जरूर करा. पण ‘फिट राहायचंय’ एवढंच ध्येय असेल, तर भरभर चालणं, सूर्यनमस्कार, बैठका आणि जोर यातही काम होतं.

प्रश्न चौथा: पंधराव्या दिवशी काय होईल?

पहिला दिवस सगळ्यांनाच जमतो. बदलापूरहून लोकलने उभं राहून ऑफिसला जाणाऱ्याला रोज तासभर कुठून मिळणार? खालच्या मजल्यावरचे काका सकाळी सहाच्या उड्या किती दिवस ऐकून घेणार? झोप सहा तासांच्या खाली जातेय का? श्रावणातले उपवास मध्ये येतायत का? हे प्रश्न छोटे वाटतात, पण प्रोग्रॅम बहुतेक वेळा इथेच सुटतो. आणि मग आपण स्वतःलाच आळशी ठरवून सगळा व्यायाम बंद करतो. खरं नुकसान ते आहे, कारण माप चुकीचं निवडलेलं असतं आणि दोष मात्र आपण स्वतःला देतो.

मग करायचं काय?

आधी दोन आठवडे ट्रायल घ्या. आठवड्यातून तीन दिवस, २० मिनिटं. बूट घालून, न सरकणाऱ्या मॅटवर. बैठका, गुडघे टेकून जोर, जिने चढणं, आणि शेवटी थोड्या उड्या. व्यायाम करताना बोलून बघा. वाक्य पूर्ण बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे जोर मध्यम आहे. दोन-चार शब्दांतच दम लागतो, म्हणजे तीव्र.

इन्सॅनिटीमध्येही पहिल्या दिवशी फिट टेस्ट असते: आठ व्यायाम, प्रत्येकी एक मिनिट, आणि किती झाले ते लिहून ठेवायचं. दोन आठवड्यांनी ती करून बघा. पोश्चर न मोडता जमली, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघे कुरकुरले नाहीत आणि सहाही दिवस तुम्हाला खरंच वेळ मिळतोय, तर बिनधास्त सुरू करा. नाही जमली, तर अजून चार आठवडे हीच ट्रायल हळूहळू वाढवा. प्रोग्रॅम कुठे पळून जात नाही.

ज्या मित्राने ‘चल, आपण दोघं करू’ म्हणून लिंक पाठवलीय, त्याला हा भाग आधी ऐकवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत हलत राहा!