कारागिराच्या हातातील अवजार : पारख आणि निवड

अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मधील, म्हणजे इसवी सन १०६० चे. त्याच्या काळ्या पाषाणावरील कोरीव काम पाहताना आपण शिल्पकारांच्या कौशल्याविषयी आदराने बोलतो. त्यांच्या हातातील छिन्नीचा विचार मात्र सहसा मनात येत नाही. त्या छिन्नीला लोहाराने योग्य पाणी दिले नसते, तर शिल्पकाराचे कौशल्य त्या पाषाणापुढे हतबल ठरले असते. चांगल्या कामाच्या मुळाशी चांगले अवजार असते, हे सत्य आजही बदललेले नाही.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. त्यानंतर ठाण्याचे वागळे औद्योगिक क्षेत्र, डोंबिवली आणि अंबरनाथ येथे कारखानदारी वाढली. आज ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात गवंडी, सुतार, नळजोडणी करणारे, वीजतंत्री, जोडारी व वेल्डर अशा हजारो हातांना काम आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून दरवर्षी नवे तरुण या व्यवसायांत येतात. या सर्वांच्या हाती कोणते अवजार पडते, यावर कामाचा दर्जाच नव्हे, तर त्यांचे हात, डोळे आणि प्रसंगी प्राणही अवलंबून असतात.

हाताने वापरावयाची अवजारे

अवजाराची परीक्षा चकाकीवरून करू नये. पान्याचा जबडा नटावर सैल बसत असेल, तर नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो आणि जोर लावताना पाना निसटून हाताला इजा होते. म्हणून योग्य मापाचा नट लावून पाहणे ही पान्याची पहिली परीक्षा होय. हातोड्याचा दांडा सरळ रेषांच्या लाकडाचा, गाठी नसलेला आणि पाचर ठोकून पक्का केलेला असावा. छिन्नीची धार कठीण हवी. परंतु तिचे डोके त्या मानाने मऊ असावे लागते, अन्यथा घाव बसताच त्याचे कपचे उडतात. वापराने डोक्याच्या कडा छत्रीसारख्या पसरल्या, तर त्या वेळीच घासून काढाव्यात. छिन्नीच्या धारेवर कानस सहज चावत असेल, तर पोलादाला पुरेसे पाणी दिलेले नाही असे समजावे. कानस नुसती घसरून गेली, तर धार कठीण आहे.

वीजतंत्र्याच्या पकडीविषयी एक गैरसमज जीवघेणा ठरू शकतो. मुठीवर प्लॅस्टिकचे आवरण दिसले की ती पक्कड विजेपासून संरक्षण देते, असे अनेकजण मानतात. प्रत्यक्षात पुष्कळशा पकडींवरील आवरण केवळ पकड सुखकर व्हावी यासाठी असते. ज्या अवजाराची विद्युत्‌रोधक म्हणून चाचणी झालेली आहे, त्यावर १,००० व्होल्टचा स्पष्ट निर्देश असतो. तो नसेल, तर आवरणावर भरवसा ठेवू नये. निर्देश असला तरी शक्य तेथे वीजप्रवाह बंद करूनच काम करणे हाच योग्य मार्ग होय.

विजेवर चालणारी अवजारे

ड्रिल किंवा ग्राइंडर घेताना प्रथम नामपट्टी वाचावी. तीवर व्होल्ट, वॉट आणि दर मिनिटाचे फेरे दिलेले असतात. चौकोनात दुसरा चौकोन असे चिन्ह असेल, तर ते यंत्र दुहेरी विद्युत्‌रोधनाचे आहे. ते चिन्ह नसल्यास तीन पिनांची जोडणी आणि योग्य भूसंपर्क अनिवार्य समजावा. कोकणपट्टीतील पावसाळ्यात भिंती, जमीन व कपडे ओले असतात. अशा वेळी ३० मिलिअँपिअरवर वीज तोडणारा गळतीरोधक स्विच कामाच्या जागी असणे ही चैन नसून गरज आहे.

ग्राइंडरच्या चकतीचा वेग किती असतो, हे गणिताने पाहण्यासारखे आहे. १०० मिलिमीटर व्यासाची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेत असेल, तर तिच्या कडेचा वेग ताशी सुमारे २०० किलोमीटर होतो. या वेगाने फुटलेला तुकडा अंगात घुसला, तर होणारी इजा सहज कल्पनेत यावी. म्हणून चकतीवर छापलेली कमाल फेऱ्यांची संख्या यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी नसावी, तिची मुदत संपलेली नसावी आणि संरक्षक कवच काढून मोठी चकती कधीही बसवू नये. लाकूड कापण्याचे दातेरी पाते ग्राइंडरला लावण्याची प्रथा तर पूर्णपणे त्याज्य आहे.

खरेदी करणाऱ्यांची जबाबदारी

कार्यशाळा, पाणीपुरवठा योजना वा ग्रामपंचायत यांच्यासाठी खरेदी होते, तेव्हा मागणीपत्रात अनेकदा केवळ 'पाइप पाना, नग ४' एवढेच लिहिलेले असते. मग सर्वांत कमी दराचा माल येतो आणि पहिल्याच हंगामात निकामी होतो. समजा, १५० रुपयांचा पाना दरवर्षी बदलावा लागला आणि ४५० रुपयांचा दहा वर्षे टिकला, तर दहा वर्षांत पहिल्यावर १,५०० रुपये खर्च होतात. यात दोष केवळ पुरवठादाराचा नाही. आपण काय मागितले, हाही प्रश्न आहे.

मागणीपत्रात भारतीय मानकाचा क्रमांक नमूद केल्यास दरांची तुलना सारख्या दर्जाच्या वस्तूंमध्ये होते. पाइप पान्यासाठी आय.एस. ४००३, पोलादी हातोड्यासाठी आय.एस. ८४१, स्क्रू ड्रायव्हरसाठी आय.एस. ८४४ आणि पकडीसाठी आय.एस. ३६५० ही मानके आहेत. माल ताब्यात घेताना आय.एस.आय. चिन्हाच्या वरचा मानक क्रमांक आणि खालचा परवाना क्रमांक दोन्ही पाहावेत. परवाना खरा आहे की नाही, हे भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अॅपवर पडताळता येते. विजेच्या अवजारांबाबत कार्बन ब्रश व सुटे भाग जवळपास मिळतात का, याचीही खात्री करावी.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, गवंडी यांसह १८ व्यवसायांचा समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद या योजनेत आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत किंवा नागरी स्थानिक संस्थेच्या पातळीवर होते. पंचायत सदस्यांनी केवळ पडताळणीवर न थांबता, मिळालेल्या अवजारांची पारख कशी करावी आणि निकृष्ट माल आल्यास तो का स्वीकारू नये, हेही कारागिरास सांगितले पाहिजे.

शिक्षकांचे कार्य याहून मोलाचे आहे. कार्यशाळेत पहिल्या दिवशी विद्यार्थ्याच्या हाती कानस देण्यापूर्वी एक चांगले व एक निकृष्ट अवजार शेजारी ठेवून दोहोंतील फरक त्यालाच शोधावयास लावावा. काम संपल्यावर अवजार पुसणे, तेलाचा हलका हात फिरवणे आणि ते ठरलेल्या जागी ठेवणे ही सवयही तेथेच लागते. दमट हवेत एका पावसाळ्याचा गंज उत्तम पोलादाचीही वाट लावतो.

दसऱ्याला आपण अवजारांची पूजा करतो. त्या दिवशी फुले वाहताना सैल झालेला दांडा बदलला, तडा गेलेली चकती टाकून दिली आणि खरवडलेली वायर काढून नवी बसवली, तर ती पूजा खऱ्या अर्थाने सार्थ होईल.