जर्सीचं सूत दारात आहे, पण दाखला?

सुरतहून हजिऱ्याकडे जाताना वाटेत इच्छापोर लागतं. पुढे हजिऱ्यात रिलायन्सचा पॉलिएस्टर कारखाना, मागे सुरतेचा कृत्रिम कापडाचा बाजार. खेळाच्या जर्सीसाठी लागणारं सूत इथल्या छोट्या कारखानदाराच्या दारातच आहे. तरी निर्यातीत त्याला निव्वळ स्वस्ताई तारणार नाही, सुताच्या उगमाचा पुरावा तारेल. 2010 च्या फुटबॉल विश्वचषकात नाइकीने नऊ संघांच्या जर्सी जुन्या बाटल्यांच्या पॉलिएस्टरपासून बनवल्या. एकेका जर्सीत आठपर्यंत बाटल्या. आज ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्डच्या दाखल्याला किमान 20 टक्के पुनर्वापरित माल लागतो, मालावर लेबल लावायचं तर 50 टक्के.

छोट्याला हे परवडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण प्रमाणित सूत घेऊन बिलं आणि लॉट नंबर जपायला फार खर्च येत नाही. सुरुवात तिथून करावी. दुसरा आक्षेप जास्त टोचतो: बाटलीची जर्सी होते, जर्सीची पुन्हा जर्सी क्वचितच, आणि धुताना सूक्ष्म तंतू गळतात ते वेगळेच. म्हणूनच टिकाऊ विणकाम महत्त्वाचं. टिकाऊपणावर भर देणाऱ्या, जुलै 2024 पासून लागू झालेल्या युरोपीय इकोडिझाइन नियमांच्या प्राधान्ययादीतही कपडे आहेतच.

जर्सीचं कापड विणत असाल, तर प्रश्न खाली जरूर विचारा.