औषध आले, मुलांनी थांबावे किती?

सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात विकार. एका सदोष जनुकामुळे फुप्फुसातील कफ घट्ट व चिकट होतो, त्यात जंतू ठाण मांडतात आणि श्वासनलिका निकामी होत जातात. ही हानी शैशवातच सुरू होते. याआधीची औषधे मोजक्यांनाच लागू पडत, किंवा त्यांचा गुण बेताचा असे. बहुसंख्य रुग्णांना उपयोगी पडणारे ट्रायकाफ्टा अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मान्य झाले, पण ते १२ वर्षे व त्यापुढील रुग्णांपुरते. सहा वर्षांच्या मुलांची पाळी जून २०२१ मध्ये आली, दोन वर्षांच्या बालकांची एप्रिल २०२३ मध्ये. ज्यांची फुप्फुसे सर्वांत कमी बिघडलेली, तेच रांगेत शेवटी!

यामागे केवळ दप्तरदिरंगाई होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बालकाचे शरीर औषध निराळ्या रीतीने पचवते; वजनाचे त्रैराशिक मांडून मात्रा ठरत नाही. शिवाय संमती आईबाप देतात आणि गोळी मूल गिळते. परिणाम मोजणेही सोपे नाही. मोठा माणूस यंत्राच्या नळीत जोराने फुंकतो आणि आकडा हाती येतो. तीन वर्षांच्या मुलाकडून तसे फुंकवून कोण घेणार? मग घामातील क्लोराइडवर बरीच भिस्त ठेवावी लागते. मोठ्या वयोगटाच्या एका प्रमुख चाचणीत ४०३ रुग्ण होते व जवळजवळ निम्म्यांना बिनऔषधी गोळी दिली होती. दोन ते पाच वर्षांच्या चाचणीच्या मुख्य भागात ७५ बालके होती आणि औषध सर्वांनाच मिळाले. गुण सिद्ध झाल्यावर लेकरांना पोकळ गोळी देणे क्रूरपणाचे झाले असते.

आक्षेप आहे तो पायऱ्यांमधील अंतराला. मुलांची बाजारपेठ छोटी, म्हणून अमेरिकेने १९९७ च्या कायद्याने आमिष ठेवले: सरकारच्या मागणीवरून मुलांवर चाचणी केल्यास सहा महिने अधिक मक्तेदारी. २००३ मध्ये सक्तीही आली; पण दुर्मीळ रोगांची औषधे, म्हणजे नेमकी अशीच, बहुतांशी तिच्यातून वगळली गेली. आमिष फुकटचे नसते. ट्रायकाफ्टाची छापील किंमत आरंभी वर्षाला सुमारे ३ लाख ११ हजार डॉलर होती. एवढ्या महाग औषधाला सहा महिन्यांची मक्तेदारी वाढवून दिली, तर तिचे बिल अखेर विमा भरणारा आणि करदाताच चुकवतो. त्यापेक्षा मोठ्यांसाठी परवाना देतानाच बालकांच्या चाचणीची मुदत बांधून घेणे सरकारला खूपच स्वस्त पडेल.