गिअर पडताना गाडी वाजते तेव्हा

स्कूटीच्या देखभालीवर बोललो होतो, तेव्हा बऱ्याच जणींनी सांगितलं, "आता क्लच नसलेल्या चारचाकीचंही सांगा." खरंच आहे. कुरकुंभ, पाटस, दौंड या पट्ट्यात दोनच पेडलच्या गाड्या आता पुष्कळ दिसतात. कोणी नवी घेतली, कोणी पुण्याहून जुनी आणली. पायाला काम कमी, म्हणून घरातल्या गाडीची किल्ली बाईच्या हातात आली ती बऱ्याच ठिकाणी या गाड्यांमुळेच. पण गिअर आपोआप पडतो म्हटल्यावर जरा कुठे 'खट' झालं की पोटात गोळा येतो. आत काय चाललंय ते हाताला कळत नाही आणि गॅरेजवाला म्हणाला "गिअरबॉक्स गेला", की त्याला काय विचारावं तेही सुचत नाही.

म्हणून आज फक्त आवाजाचं बोलू. आवाज किती मोठा आहे याला घाबरू नका. तो केव्हा येतो ते बघा. निम्मं उत्तर तिथेच असतं.

आधी आपली गाडी कोणत्या जातीची ते ओळखा. गिअरच्या दांड्याजवळची अक्षरं वाचा. आर, एन, डी आहे पण 'पी' नाही, तर बहुतेक ती एएमटी गाडी. ही आतून साधी गिअरचीच गाडी असते. क्लच प्लेट तीच, दात्यांची चाकं तीच; क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं आपल्या हातापायाऐवजी यंत्र करतं. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओत ही सोय आली आणि मग स्वस्त गाड्यांत पसरली. आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनलाही २०१८ पासून ती मिळू लागली.

या गाडीचे काही आवाज जन्मजात असतात. ड्रायव्हरचं दार उघडलं की बोनेटखालून दोन-तीन सेकंद 'झूंऽऽ' असा आवाज येतो. बऱ्याच जणी त्यालाच घाबरतात. बऱ्याच एएमटी गाड्यांत गिअर हलवणारं यंत्र तेलाच्या दाबावर चालतं आणि दार उघडताच छोटा पंप तो दाब तयार करून ठेवतो. गाडी तुमची वाट बघतेय, एवढाच त्याचा अर्थ. चालवताना पहिल्यावरून दुसरा गिअर पडतो तेव्हा हलकासा 'टक' आणि मान जरा पुढे जाणं, हेही चालायचंच. त्या क्षणी एक्सलेटरवरचा पाय किंचित सैल केला तर धक्का कमी लागतो.

दांड्याजवळ 'पी' असेल तर मामला वेगळा. अशा बऱ्याच गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लच प्लेट नसून तेलाने भरलेला डबा असतो. ताक घुसळताना रवी फिरते आणि तिच्यासोबत ताकही गरगर फिरतं. त्या ताकात दुसरी रवी सैल सोडली तर तीही फिरायला लागेल. तसंच इथे. इंजिन एक पंखा फिरवतं, पंखा तेल फिरवतो आणि तेल समोरचा पंखा फिरवतं. म्हणून ही गाडी मऊ चालते आणि म्हणूनच तिचा सगळा जीव तेलात असतो. काही गाड्यांत आपल्या स्कूटीसारखा पट्टा असतो, फक्त तो पोलादी. तिथे गिअर पडण्याचा आवाजच नसतो, जोरात पाय दिला की इंजिन एका सुरात ओरडत राहतं, एवढंच. 'पी' असून आत दोन क्लच असलेल्याही गाड्या आहेत. खड्ड्यांतून हळू जाताना त्या थोड्या खडखडतात.

आता नेहमीचा प्रश्न. "उतारावर लावलेली गाडी 'पी'तून काढताना धाडकन आवाज येतो." 'पी'त टाकल्यावर आत एक छोटी लोखंडी खुंटी दात्यात अडकते. तुम्ही ब्रेकवरचा पाय आधी काढला आणि हँडब्रेक नंतर ओढला, तर अख्ख्या गाडीचं वजन त्या खुंटीवर बसतं. सकाळी ती ओढून काढताना वाजणारच. रोज असं केलं तर खुंटी झिजते, कधी मोडतेही. क्रम असा ठेवा: पाय ब्रेकवर, दांडा 'एन'मध्ये, हँडब्रेक पूर्ण ओढा, पाय जरा उचलून वजन हँडब्रेकवर बसू द्या, पुन्हा पाय ब्रेकवर आणि मग 'पी'. निघताना पाय ब्रेकवर, आधी 'डी', नंतर हँडब्रेक सोडायचा. दोन दिवसांत आवाज गेला तर खर्च शून्य. एएमटीला 'पी' नसतो, तेव्हा तिथे गाडी गिअरमध्ये ठेवूनच बंद करायची आणि हँडब्रेक ओढायचा.

उभ्या गाडीत 'डी'वरून 'आर'ला नेताना प्रत्येक वेळी 'धाड' होतं आणि गाडी अंगासकट हलते? मग गिअरबॉक्सच्या आधी माउंटिंग तपासायला सांगा. इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या रबरी उशांवर बसलेले असतात त्या म्हणजे माउंटिंग. ऊन, तेल आणि आपले रस्ते यांनी रबर फाटतं. बचत गटाचं कर्ज काढून जुनी गाडी घेतलेल्या एका ताईंना एका गॅरेजात थेट गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "दादा, आधी बोनेट उघडा. मी पाय ब्रेकवर ठेवून गिअर बदलते, तुम्ही बाजूला उभं राहून इंजिन किती उचलतंय ते बघा." इंजिन चांगलंच उचललं. माउंटिंग बदललं, काही हजारांत काम झालं, लाखावर गेलं नाही. ही तपासणी कोणीही करू शकतं. फक्त बघणाऱ्याने गाडीच्या समोर किंवा मागे कधीच उभं राहायचं नाही, हँडब्रेक ओढलेला हवा.

वळताना 'टक टक टक' वाजतं ते बहुतेक एक्सलच्या सांध्याचं. त्याचं रबरी बूट फाटलं की ग्रीस बाहेर जातं आणि धूळ आत. गाडीच्या वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची असू शकते. गाडी जागेवर उभी ठेवून, 'पी' किंवा 'एन'मध्ये जरा एक्सलेटर द्या. तरी तोच आवाज आला तर तो चाकाकडचा नाही, इंजिनाकडचा किंवा गिअरबॉक्सच्या पंपाचा. ही खूण गॅरेजवाल्याला सांगितली की त्याची निम्मी शोधाशोध वाचते.

ज्याला खरंच घाबरायचं ते आता ऐका. पहिलं, 'डी'त टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद काहीच करत नाही आणि मग धक्क्याने निघते. दुसरं, पाय दिला की इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही. हे आवाजापेक्षा वाईट. उसाच्या दिवसांत महामार्गावर आपण ट्रॉलीला ओव्हरटेक करायला बाहेर पडतो, समोरून टँकर येत असतो आणि त्या घडीला गाडीने ओढलं नाही तर काय होईल ते सांगायला नको. अशी गाडी महामार्गावर नेऊच नका. तिसरं, सतत 'कुईंऽऽ' असा बारीक सूर, त्यातही गाडी तापल्यावर वाढणारा. 'पी'वाल्या गाडीत तो बऱ्याचदा तेल कमी झाल्याचा असतो. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी पाण्याचा डाग असेल तर तो एसीचा, सोडून द्या. लालसर किंवा काळपट तेलकट डाग असेल तर त्याच दिवशी दाखवा. हे तेल इंजिन ऑइल नव्हे आणि प्रत्येक गाडीचं वेगळं असतं. गाडीच्या पुस्तकात त्याचं नाव लिहिलेलं असतं, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि डबा उघडण्याआधी नाव जुळवून बघा. "कोणतंही चालतं" म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका.

एएमटीला तेलापेक्षा क्लचची काळजी. रोटी घाटात पुढे ट्रॉली असली की आपण ब्रेक न दाबता एक्सलेटरवरच गाडी चढाला तोलून धरतो. त्याने क्लच प्लेट घासत राहते, जळका वास येतो, नंतर निघताना गाडी थरथरते आणि खडखडते. पाटसच्या टोलनाक्यावर इंच इंच सरकतानाही तेच. थांबायचं तर ब्रेकवर थांबा, पुढे चार हात जागा झाली की मग निघा. चढावर गाडी मागे येईल वाटलं तर हँडब्रेक आहेच.

आणखी एक गोष्ट, कारण ती आपल्याकडेच घडते. गाडी बंद पडली की शेजारचा ट्रॅक्टर येतो, दोर बांधला जातो आणि गाडी ओढत गावात. 'पी'वाल्या गाडीत इंजिन बंद असलं की आतला पंप बंद, म्हणजे तेल फिरत नाही. चाकं मात्र गिअरबॉक्सचे भाग कोरडे फिरवत राहतात. साध्या बिघाडाची गाडी अशाने गिअरबॉक्स घालवून घरी पोहोचते. एएमटी गिअरमध्ये अडकून बंद पडली असेल तर चाकं फिरणारच नाहीत. धक्का मारून सुरू करायची सवयही या गाड्यांना सोडावी लागते. टेम्पोवर किंवा पुढची चाकं उचलणाऱ्या क्रेनवर घालूनच न्यायची. कोणती चाकं उचलायची ते पुस्तकात दिलेलं असतं. विम्यात रस्त्यावरची मदत घेतलेली असेल तर तो नंबर आजच फोनमध्ये 'गाडी मदत' या नावाने ठेवा आणि घरातल्या पोरांनाही दाखवून ठेवा.