पटावरची बेचाळीस नावे

“डॉक्टर, आमच्या अण्णांची स्मरणशक्ती आम्हा सगळ्यांपेक्षा चांगली आहे. अकरावीच्या पटावरची बेचाळीस नावं अजून क्रमानं सांगतात!” सूनबाईंच्या बोलण्यात कौतुक होते. अण्णा रक्तदाब तपासून घेण्यासाठी आले होते. वय चौऱ्याहत्तर. त्यांनी खरोखरच ती नावे न अडखळता म्हणून दाखवली. मीही निर्धास्त झालो. ती माझी चूक होती, हे चार महिन्यांनी कळले आणि तेही त्यांच्या वर्गमित्रांमुळे. कुटुंबाच्या संमतीने, ओळखीच्या खुणा बदलून ही हकीकत लिहीत आहे.

कराड तालुक्यातील एका शाळेतून 1968 साली अकरावी, म्हणजे त्या काळची मॅट्रिक, झालेल्या वर्गाचे स्नेहसंमेलन होते. वार्धक्यातील आरोग्यावर वीस मिनिटे बोलण्यासाठी मला बोलावले होते. बेचाळिसांपैकी पंधरा जण आले होते. माझे बोलणे लवकरच संपले आणि त्यांचे सुरू झाले.

1962 साली ही मंडळी सहावीत होती. चीनशी युद्ध सुरू होते आणि नोव्हेंबरात कराडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. “आपला माणूस गेला, आता काळजी नाही,” असे गावातील मोठी माणसे म्हणत, हे एकाला आठवले. 1965 साली अन्नधान्याची टंचाई असताना लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि घरोघरी सोमवारची रात्र उपवासाची झाली. वर्गातील सात मुलींपैकी एक, आता आजी झालेल्या, म्हणाल्या, “आईला सोमवार आधीपासूनच होता. शास्त्रीजींमुळं आम्हा पोरांनाही घडला.”

मग विषय निघाला 11 डिसेंबर 1967 चा. कोयनेच्या भूकंपाची ती पहाट. कडाक्याची थंडी, दगडमातीच्या भिंती कोसळलेल्या, आणि नंतरही धक्के बसत राहिल्याने अंगणात, शेतात काढलेल्या रात्री. शाळेच्या भिंतींना तडे गेल्यामुळे वर्ग झाडाखाली भरला. ते झाड आंब्याचे की चिंचेचे, यावर बराच वेळ वाद झाला. एकाला भिंतीचा तडा आठवत होता, दुसऱ्याला बैलगाडीतून आणलेला फळा, तिसऱ्याला कोणाच्या तरी आईने सर्वांसाठी पाठवलेल्या भाकरी. ते दिवस कोणा एकाकडे पूर्ण नव्हते. सर्वांचे मिळून ते पूर्ण झाले.

अण्णांनी आजीला घराबाहेर कसे ओढून काढले, ते रंगवून सांगितले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. चहा झाला. त्यानंतर अण्णांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली. तेच शब्द, तेच हसू. कोणी त्यांना थांबवले नाही. निघताना त्यांच्या शेजारी बसलेल्या मित्राने मला बाजूला घेतले. “डॉक्टर, येताना गाडीत यानं मला चार वेळा विचारलं, आपण कुठं निघालोय? घरी सांगायचं धाडस होत नाही. पण आम्ही याला लहानपणापासून ओळखतो. हा असा नव्हता.”

जुने टिकते ते का?

उतारवयात माणसाला सर्वांत अधिक आठवतात ते साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षापर्यंतचे प्रसंग, असे मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळले आहे. या वयात बहुतेक गोष्टी प्रथमच घडतात: पहिली मैत्री, पहिले अपयश, गावाबाहेरचा पहिला प्रवास. आपण कोण, याची घडणही तेव्हाच होते. शिवाय हे प्रसंग पुढे शेकडो वेळा सांगितले जातात आणि प्रत्येक वेळी अधिक पक्के होतात.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी 1881 साली लिहून ठेवले होते की, स्मृती ढासळू लागते तेव्हा आधी नवे जाते, जुने मागाहून. आज त्यामागील कारण बरेचसे उमगले आहे. मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग नव्या घटनांची नोंद करण्यास आवश्यक असतो आणि अल्झायमर या आजारात त्याची हानी बहुधा आरंभीच होते. जुन्या चोपड्या कपाटात शाबूत असतात. आजची नोंद करणारा कारकून मात्र थकलेला असतो. म्हणूनच साठ वर्षांपूर्वीचा पट पाठ असणे, हा आजची स्मृती उत्तम असल्याचा पुरावा नव्हे. ‘त्यांना सगळे जुने आठवते’ या समाधानात अनेक कुटुंबांचा मोलाचा काळ निघून जातो. डॉक्टर असूनही माझे तेच झाले.

तपासणीत काय आढळले?

अण्णांना पुन्हा बोलावून नीट तपासले. जीवनसत्त्व बी-12 कमी होते. दोन्ही कानांनी ऐकू कमी येत होते. शिवाय झोपेची गोळी ते दोन वर्षे स्वतःच्या मनाने घेत होते. या तीनही गोष्टी स्मृतीवर परिणाम करतात आणि त्यांवर उपाय आहेत. थायरॉइडची कमतरता आणि नैराश्य यांचेही तसेच. तीही तपासावी लागतात. इंजेक्शने सुरू केली, गोळी हळूहळू बंद केली, श्रवणयंत्र बसवले. अण्णा अधिक सावध दिसू लागले, पण विसर पूर्णपणे गेला नाही. मेंदूविकारतज्ज्ञांनी अल्झायमरची सुरुवात असल्याचे निदान केले.

निदान लवकर झाल्याने आजार थांबला नाही. परंतु अण्णांना स्वतःचे निर्णय स्वतः घेता आले. बँकेची कामे, जमिनीची कागदपत्रे आणि मृत्युपत्र त्यांनी समजून-उमजून, स्वतःच्या सहीने पूर्ण केले. स्कूटर नातवाच्या हवाली केली. एकदा मुलाला जवळ बसवून म्हणाले, “पुढं मी काय बोलेन त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.” हे वाक्य दोन वर्षांनी बोलता आले असते की नाही, सांगता येत नाही.

आठवणींचे औषधी मोल

वृद्ध माणूस भूतकाळात रमला की त्याचे डोके चालेनासे झाले, असे पूर्वी वैद्यकातही मानले जाई. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1963 साली हा समज खोडून काढला. आपल्या आयुष्याचा आढावा घेणे ही उतारवयातील स्वाभाविक आणि आवश्यक गोष्ट आहे, असे त्यांनी मांडले. त्यातूनच पुढे स्मरणरंजनाचा उपचार म्हणून वापर होऊ लागला. त्याचे परिणाम माफक आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आजार त्याने बरा होत नाही. मात्र अनेकांची मनःस्थिती सुधारते आणि घरातील संवाद सुलभ होतो. एकाकीपणा आणि ऐकू कमी येणे या दोन्हींचा स्मृतिभ्रंशाच्या धोक्याशी संबंध आढळला आहे, हेही ध्यानात ठेवावे.

वर्गमित्राचे स्थान यात वेगळे आहे. मुलांनी अण्णांना वडील म्हणूनच पाहिले. फळा पुसणारा, मार खाणारा, आजीसाठी रडणारा मुलगा त्यांनी पाहिलेला नाही. तो मित्रांनी पाहिला आहे. माणूस बदलला की त्यांना तो बदल लवकर जाणवू शकतो आणि तो विसरू लागला की त्याची ओळख काही काळ ते सांभाळू शकतात.

काळजी घेणाऱ्यांसाठी

1. परीक्षा घेऊ नका. “ओळखा पाहू, हा कोण?” या प्रश्नाने विसरणारा माणूस खजील होतो. त्याऐवजी छायाचित्र दाखवून “तुमची शाळा केवढी होती?” अशी सुरुवात करा.

2. पाटी, दौत, टाक, जुने पाढे, शाळेतली प्रार्थना यांचा आधार घ्या. वस्तू हाती आली की आठवण पुष्कळदा आपोआप येते.

3. झाड आंब्याचे की चिंचेचे, हे दुरुस्त करू नका. तपशिलापेक्षा सांगण्यातला आनंद मोठा आहे.

4. मेळावा दिवसा, तळमजल्यावर आणि दोन-तीन तासांचा असावा. एका वेळी एकानेच बोलावे, गाण्यांचा गोंगाट टाळावा. स्वच्छतागृह जवळ हवे. मधुमेहींचे जेवण आणि औषधांच्या वेळा भाषणांसाठी लांबवू नयेत.

5. निवर्तलेल्या मित्रांच्या आठवणीने डोळे पाणावणे स्वाभाविक आहे. परंतु उदासी, झोपमोड किंवा अपराधीपणाची भावना दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर डॉक्टरांना भेटा.

6. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशांच्या व्यवहारात गोंधळ, औषधे घेतल्याचे विसरणे, स्वभावात बदल यांपैकी काहीही दिसल्यास ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. गोंधळ काही तासांत किंवा दिवसांत अचानक वाढला तर त्याच दिवशी तपासणी करून घ्या.

7. मित्रांनाही विनंती: काही खटकले तर घरच्या माणसाला हळुवारपणे, पण अवश्य सांगा. ती चुगली नव्हे.

अण्णांचे तीन वर्गमित्र आता दर बुधवारी संध्याकाळी आळीपाळीने त्यांना फोन करतात. सूनबाई शेजारी बसून एका वहीत त्या गोष्टी लिहून ठेवतात. पटावरची नावे हल्ली तिसाच्या आसपास येऊन थांबतात. पूर्वी सूनबाई घाईने पुढचे नाव सुचवत. आता त्या गप्प राहतात. पलीकडून मित्र मास्तरांच्या आवाजात अण्णांचेच नाव पुकारतो आणि अण्णा ताठ बसून म्हणतात, “हजर!”